काळ्याभोर केसांवर फिकट रंग, घरच्या घरी

तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते आणि या सदराकडे केसांच्या रंगाची पत्रं वाढतात. या वेळी इतकी आली आहेत की सगळी जागा त्यांनाच दिली आहे. पार्लर चालवणारी बाई घरी रंग लावायला कशाला शिकवते, असं मला काही जणी विचारतात. दाट, लांब केसांना पार्लरमध्ये रंग लावून घेणं सगळ्यांच्या खिशाला परवडत नाही, आणि मी ‘नका लावू’ म्हटलं म्हणून कुणी थांबत नाही. मग तो नीट लावला जावा, डोक्याची कातडी आणि केस शाबूत राहावेत, यासाठी हा खटाटोप. पत्रं थोडी आखडती घेतली आहेत.

ताई, माझं वय २४. केस कमरेपर्यंत, दाट आणि एकदम काळे आहेत. आजवर मेंदीसुद्धा लावलेली नाही. भावाच्या लग्नाआधी केस हनी ब्राऊन करायचे आहेत. मैत्रिणीने दुकानातून पाकीट आणून लावलं. पाकिटावरच्या मुलीचे केस सोनेरी होते, हिचे मात्र होते तसेच राहिले, फक्त मुळांशी तांबडा पट्टा आला. असं का झालं? मला घरी जमेल का? – सातारा

रंग घरी लावता येईल, पण हनी ब्राऊन येणार नाही. तुमच्यासारख्या केसांवर घरच्या घरी, केसांना धक्का न लावता मिळतो तो तांबूस झाक असलेला तपकिरी. सावलीत काळपट दिसतो, उन्हात गेलात की उठतो. आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगाला तो फार शोभतो असं माझं ठाम मत आहे. तेवढ्यावर तुमचं समाधान होणार असेल तर पुढचं वाचा.

मैत्रिणीचं काय झालं ते आधी सांगते. केसातला काळा रंग म्हणजे मेलॅनिन. आपण लावतो त्या पक्क्या रंगात अमोनियासारखा एक अल्कली असतो, तो केसाचं वरचं आवरण फुगवतो. मग रंगात कालवायच्या डेव्हलपरमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड आत शिरून थोडं मेलॅनिन तोडतं आणि त्याच वेळी नवा रंग आत धरतो. म्हणजे उतरवणं आणि चढवणं ही दोन्ही कामं एकाच वेळी चालू असतात. उतरवण्याची ताकद मात्र मोजकी असते. रंगांना नंबर असतात: १ म्हणजे काळा, ३ गडद तपकिरी, ५ फिकट तपकिरी, आणि पुढे १० पर्यंत सोनेरी होत जातो. आपले केस बहुतेक १ ते ३ मध्ये येतात. २० व्हॉल्यूमचा, म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइडचा डेव्हलपर पक्क्या रंगाबरोबर केस एक-दोन पायऱ्या वर नेतो. तुमच्या मैत्रिणीने बहुधा ७ किंवा ८ नंबर आणला. त्या शेडमध्ये चढवायला रंगद्रव्य कमी, आणि तिच्या केसांतलं काळं तोडायला ताकद अपुरी. डोक्याच्या उष्णतेमुळे मुळांजवळ रंगाचं काम झपाट्याने होतं, म्हणून तिथे काळ्याच्या खालचा तांबडा उघडा पडला आणि खालचे केस जसेच्या तसे राहिले.

तो तांबडा लक्षात ठेवा, कारण सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते. आपल्या काळ्या केसांतून काळं काढायला लागलं की खालून आधी लाल, मग तांबडा-नारिंगी, मग नारिंगी, मग पिवळा निघतो. हे प्रत्येकीच्या केसांत होतं, त्यात तुमची चूक नसते. घरी रंग लावणारीने या तांबड्याशी भांडू नये, त्याला धरूनच शेड निवडावी. चेस्टनट, महॉगनी, कॉपर ब्राऊन, गोल्डन ब्राऊन या शेड आपल्या केसांवर नैसर्गिक दिसतात. अॅश किंवा राखाडी झाक असलेली शेड घरी आणू नका.

आता तुमचे केस नेमके कितीचे आहेत ते बघा. कोरड्या केसांची एक पातळ बट खिडकीच्या उजेडात धरा. कडेने तपकिरी चमक दिसली तर ३ च्या आसपास समजा, तुम्ही ५ पर्यंत पोचू शकता. उजेडातही निळसर काळेच दिसले तर १ किंवा २. मग ३ किंवा फार तर ४ वर समाधान मानायला हवं. दुकानात पाकिटावरची मुलगी बघू नका, नंबर बघा. बाजूला किंवा मागे ‘आधीचा रंग – नंतरचा रंग’ असा छोटा तक्ता असतो, त्यात सगळ्यात गडद केसांसमोर काय दाखवलंय ते तुमचं. टिंबानंतरचा आकडा झाक सांगतो, पण तो प्रत्येक कंपनीत सारखा नसतो, म्हणून झाकेचं नावही वाचा. ३० किंवा ४० व्हॉल्यूमचा डेव्हलपर सुटा मिळतो. दुकानदार ‘याने लवकर उठतो’ म्हणून देतो. घरी तो वापरू नका.

पाकिटं दोन घ्या. खांद्यापर्यंतच्या मध्यम दाट केसांना एक पुरतं, तुमच्या केसांना पुरणार नाही. घरी लावलेला रंग ठिकठिकाणी डागाळलेला दिसतो त्याचं मोठं कारण म्हणजे माल कमी पडतो आणि आपण तो ताणून ताणून लावतो.

त्यानंतर दोन चाचण्या, आणि दोन्ही टाळायच्या नाहीत. पहिली कातडीची. पाकिटातल्या कागदावर सांगितलंय त्या पद्धतीने कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून ठेवा. आपल्याकडच्या सूचनेत २४ तास थांबायला सांगतात. मी ४८ तास थांबा म्हणते, कारण रंगाची अॅलर्जी उशिरा उठते, अनेकदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. दुसरी चाचणी केसांची. मानेवरच्या आतल्या केसांतून बोटाएवढी बट वेगळी काढा, थोडा रंग कालवून लावा, पाकिटावरची वेळ भरली की धुऊन, वाळवून उन्हात बघा. आवडला, केसही तुटले नाहीत, तर पुढे जा. नाही आवडला तर ती बट वरच्या केसांखाली झाकून जाते.

लावायच्या दिवशी केस न्हायलेले नकोत, एक-दोन दिवस आधी धुतलेले चालतील. कातडीवरचं स्वतःचं तेल थोडं संरक्षण देतं. डोक्यावर ओरखडा, फोड, खवडं असेल तर लग्न दोन दिवसांवर आलं असलं तरी रंग लावू नका. जुना गाऊन घाला, कपाळाच्या कडेने, कानांवर, मानेवर व्हॅसलीन लावा, हातमोजे घाला. बाथरूमची खिडकी उघडी हवी. रंग प्लास्टिकच्या किंवा चिनी मातीच्या वाडग्यात कालवा. स्टीलची वाटी नको, तांब्या-पितळेची तर अजिबात नको.

केसांचे चार भाग करून चाप लावा. मागून, मानेकडून सुरुवात. एकेक पातळ थर उचलायचा, मुळापासून दोन बोटं जागा सोडायची आणि तिथून टोकांपर्यंत ब्रशने लावत जायचं. थर इतका पातळ हवा की त्यातून खालचा हात दिसावा, नाहीतर वरून रंग आणि आत कोरडं राहतं. सगळ्या डोक्याचं झालं की अर्धी वेळ जाऊ द्या, मग सोडलेल्या मुळांना लावा. मुळं शेवटी, हे विसरलात तर तोच तांबडा पट्टा. कमरेएवढ्या केसांना एकटीने हे जमत नाही. बहीण, वहिनी, कुणाला तरी मदतीला घ्या. घड्याळ लावा आणि पाकिटावर दिलेली कमाल वेळ ओलांडू नका. ‘अजून दहा मिनिटं ठेवलं तर अजून उजळेल’ असं होत नाही, ठरावीक वेळेनंतर पेरॉक्साइडचं काम थंडावतं आणि केस मात्र फुगलेले राहतात. वरून ड्रायरची गरम हवा नको, उन्हात बसणं नको. चुरचुरलं तर थोडं सहन करा असं मी म्हणणार नाही. आग व्हायला लागली की त्या क्षणी धुऊन टाकायचं.

धुताना आधी थोडंसं कोमट पाणी घेऊन बोटांनी रंग डोक्यावर फिरवा, तो सुटतो. मग पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा आणि पाकिटातलं कंडिशनर लावा. कालवलेला रंग उरला तर फेकून द्या. बाटलीत भरून झाकण लावलंत तर आत वायू साचून बाटली फुटू शकते. डोळ्यात गेला तर पंधरा मिनिटं साध्या पाण्याने डोळा धुवायचा आणि डॉक्टरांकडे जायचं.

हे सगळं लग्नाच्या निदान दोन-तीन आठवडे आधी उरका. आणि तुम्ही करवली, म्हणजे हळदीत सापडणारच. त्या दिवशी केस घट्ट वर बांधा, कारण रंग लावलेला केस डाग पटकन धरतो.

मी ४१ वर्षांची. दर महिन्याला मेंदी लावते, मधूनमधून काळी मेंदीही लावलेली आहे. आता मुलगी म्हणते, आई, लाइट ब्राऊन कर. मेंदी नैसर्गिकच असते, तेव्हा तिच्यावर रंग लावायला हरकत नसावी ना? – नांदेड

हरकत आहे, आणि इथे मी तुम्हाला घरी करू नका असंच सांगणार.

मेंदीच्या पानातलं रंगद्रव्य केसातल्या केराटिन या प्रथिनाला धरून बसतं. महिन्यामागून महिने लावलेल्या मेंदीचे थर पक्क्या रंगाच्या पेरॉक्साइडने निघत नाहीत. मुळांशी आलेला नवा केस उजळेल, खालचा गडद लालसर तसाच राहील. हा झाला दिसण्याचा प्रश्न. काळजीचा भाग वेगळाच आहे. शुद्ध मेंदीने केसावर फक्त नारिंगी-लाल रंग येतो. राजस्थानातल्या सोजतची मेंदी घ्या, कुठलीही घ्या, नुसत्या पानाने केस काळा होत नाही. पुडीवर ‘काळी’ लिहिलंय म्हणजे तिच्यात दुसरं काहीतरी आहे. कधी नीळ, म्हणजे निळीच्या झाडाच्या पानांची पूड असते, बहुतेक वेळा पीपीडी हे गडद रंग देणारं रसायन असतं, तर काही मालात धातूंचे क्षार असतात. हे क्षार आणि पेरॉक्साइड एकत्र आले तर केस तापतो, फसफसतो आणि बटेची बट हातात येऊ शकते. नीळ असलेल्या केसाला ब्लीच लागलं तर तो हिरवटही होतो.

खात्री करायची असेल तर कंगव्यात आलेले केस फेकू नका. बोटाएवढा पुंजका दोऱ्याने बांधून काचेच्या उघड्या वाडग्यात कालवलेल्या रंगात अर्धा तास बुडवून ठेवा. वाडगं तापलं, बुडबुडे आले, विचित्र वास सुटला किंवा केस चिकट झाले तर विषय संपला. काहीच झालं नाही तरी मी तुम्हाला पार्लरमध्येच जा म्हणेन, आणि तिथे खुर्चीत बसायच्या आधी मेंदीचा सगळा इतिहास सांगा. माझ्याकडे बायका हे लपवतात. का ते मला आजवर कळलेलं नाही, कारण पहिली बट उचलली की आम्हाला बोटांना ते लागतंच, मेंदीचा केस जाडसर आणि कोरडा लागतो.

घरच्या घरी करण्यासारखं एकच, मेंदी बंद करून वाट बघणं. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. दर तीन महिन्यांनी खालून कापत राहिलात तर खांद्यापर्यंतच्या केसांतून मेंदी पूर्ण जायला अडीच-तीन वर्षं लागतात. दरम्यान मुलीला सांगा, तांबूस केस तुम्हाला आजही आहेतच.

याच अंकासाठी जळगावच्या एका वाचकांनी विचारलंय की पूर्वी काळा रंग लावत होते, आता त्याच्यावर तपकिरी लावला तर दिसेल का. दिसणार नाही. लावलेला रंग दुसऱ्या रंगाने उतरत नाही, तो काढायचं काम वेगळं असतं आणि ते पार्लरचं आहे.

मी इंजिनिअरिंगला आहे, हॉस्टेलवर राहते. आम्हा तिघींना सिल्व्हर ग्रे हायलाइट करायचे आहेत. एकीने सुचवलं की चेहऱ्याचं ब्लीच स्वस्तात मिळतं, ते फॉइलमध्ये लावू आणि गच्चीवर उन्हात बसू. दुसरी म्हणते ब्लीच पावडर आणि ४० व्हॉल्यूम आणू. कोणतं बरं? – पुणे

दोन्ही नको गं. अगदी कळकळीने सांगते.

चेहऱ्याचं ब्लीच बारीक लव दहा-पंधरा मिनिटांत फिकट दिसावी म्हणून बनवलेलं असतं. डोक्याचा केस कितीतरी जाड. त्याच्यावर ते तास-दीड तास ठेवलंत, वर फॉइल, वर पुण्याचं ऊन, तर केस उजळायच्या आधी मानेवर आणि भांगात भाजेल. भाजलेल्या जागी पुढे केस येतीलच याची हमी कुणी देत नाही.

पावडर ब्लीच हे आमचं रोजचं काम, पण तेच सगळ्यात जोखमीचंही. त्यात पर्सल्फेट क्षार असतात. ती पावडर कालवताना उडते आणि छातीत जाते. आमच्या धंद्यात कित्येकांना त्यापायी दमा लागला आहे. तुमच्यापैकी कुणाला दमा असेल तर हॉस्टेलच्या बंद खोलीत तिच्या शेजारी हे कालवणंसुद्धा धोक्याचं आहे. आणि सिल्व्हरसाठी काय लागतं ते ऐक. काळा केस लाल, नारिंगी, पिवळा असं करत अगदी फिकट पिवळ्यापर्यंत न्यावा लागतो आणि मग वर ग्रे टोनर, म्हणजे झाक देणारा रंग बसतो. आपल्या केसांना तिथवर एका बैठकीत नेता येत नाही. एका बैठकीत येतो तो नारिंगी. मग मुली घाबरून दुसऱ्याच दिवशी पुन्हा ब्लीच लावतात.

अशी एक मुलगी माझ्याकडे आईला घेऊन आली होती. डोक्यावर ओढणी. केस ओले करून मी कानाजवळचा एक केस दोन बोटांत धरून हलकेच ओढला. चांगला ओला केस थोडा ताणतो आणि सोडला की परत जागेवर जातो. हिचा केस च्युइंगमसारखा लांबत गेला, परत आलाच नाही, आणि मधेच पांढुरका होऊन तुटला. केसाला बळ देणारे गंधकाचे बंध ब्लीचने तुटलेले होते. असा केस कुठल्याही तेलाने, मास्कने, प्रोटीन ट्रीटमेंटने पूर्वीसारखा होत नाही. आम्ही तो हनुवटीपर्यंत कापला. तिची आई खुर्चीमागे उभी राहून खाली पडलेले केस गोळा करत होती.

तिघींनी पैसे एकत्र करा आणि पार्लरमध्ये पुढच्या दोन-दोन बटाच करून घ्या. ब्लीच कातडीला न लावता फॉइलमध्ये करता येतं, आणि चेहऱ्याजवळ दोन बटा उजळल्या तरी पुरे दिसतं. सिल्व्हरऐवजी कॅरॅमल मागितलंत तर कमी ब्लीचमध्ये भागेल आणि जास्त दिवस टिकेल.

लेकीने लंडनहून हेअर कलरचं पाकीट आणलं आहे, अमोनिया-फ्री. मागच्या वेळी इथला रंग लावल्यावर मला दोन दिवसांनी कपाळाला आणि कानामागे खाज सुटली होती, पापण्याही सुजल्या होत्या. आता हा परदेशी रंग चालेल का? भुवयाही थोड्या फिकट कराव्यात असं वाटतं. – फोंडा, गोवा

लेकीचं मन मोडायला वाईट वाटतं, पण ते पाकीट उघडू नका. तुम्ही लिहिलेली लक्षणं अॅलर्जीची आहेत, आणि आधी कातडीच्या डॉक्टरांकडे जाऊन पॅच टेस्ट करून घ्यायला हवी.

बहुतेक पक्क्या रंगांत पीपीडी किंवा त्याचं जवळचं भावंड पीटीडी असतं. शरीराने एकदा त्याला शत्रू मानलं की ते सहसा कायमचं, आणि पुढची प्रत्येक वेळ आधीपेक्षा जोराची असू शकते. एकाची अॅलर्जी असली तर दुसऱ्याचीही असण्याची शक्यता बरीच. अमोनिया-फ्री म्हणजे अमोनियाऐवजी दुसरा अल्कली घातलेला, ज्याला वास कमी येतो. त्यात पेरॉक्साइड असतंच आणि पीपीडी-पीटीडीही असू शकतं. ‘हर्बल’ लिहिलेल्या पुड्यांचंही तेच, मागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय विश्वास ठेवू नका. युरोपातल्या पाकिटांवर स्पष्ट लिहिलेलं असतं की आधी रंगाची रिअॅक्शन आलेली असेल तर वापरू नका, आणि हातावर कधी काळ्या मेंदीचं टॅटू काढून खाज सुटली असेल तरीही नको. समुद्रकिनाऱ्यावर पर्यटकांच्या हातांवर काढतात त्या काळ्याकुट्ट नक्षीत पीपीडी असू शकतं, म्हणून हे मुद्दाम सांगते. तिथे असंही लिहितात की १६ वर्षांखालच्या मुलांसाठी हा रंग नाही.

भुवयांचं तर नावच काढू नका. आपल्या देशातही पीपीडीच्या रंगाच्या पाकिटावर भुवया आणि पापण्यांना लावू नये, त्याने आंधळेपण येऊ शकतं, अशी सूचना छापणं कायद्याने बंधनकारक आहे. ती सूचना इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही द्यावी लागते, तरी ती कुणी वाचत नाही.

पुन्हा कधी चुकून लागला आणि चेहरा सुजला, श्वास लागला, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका, तडक दवाखाना गाठा. आणि ते पाकीट लेकीला परत द्या, नातवंडांच्या हाताला लागेल असं कपाटात ठेवू नका. हे रसायन पोटात गेलं तर जिवावर बेततं.

लिंबाचा रस आणि मध लावून उन्हात बसलं की केस उजळतात म्हणे. केमिकलपेक्षा बरं ना? – अकोला

मधात अगदी किंचित पेरॉक्साइड तयार होतं हे खरं, पण आपल्या काळ्या केसांवर त्याने काही दिसण्यासारखं होत नाही. लिंबाने आणि उन्हाने फार तर टोकांना तांबूसपणा येतो आणि केस राठ होतो. विदर्भाच्या उन्हात लिंबाचा रस कपाळावर-मानेवर ओघळला तर फोड येतात आणि मागे काळे डाग महिनोन्महिने राहतात. दालचिनीचा लेपही लावू नका, कातडी भाजते. चहा-कॉफीच्या पाण्याने केस फक्त रंगतो, उजळत नाही.

चौथा महिना चालू आहे. केसांना रंग लावला तर बाळाला काही होईल का? सासूबाई नको म्हणतात. – बोरिवली

रंगातलं फारच थोडं कातडीतून आत जातं, त्यामुळे डॉक्टर सहसा पहिले तीन महिने टाळायला सांगतात आणि नंतर परवानगी देतात. तरी तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. या दिवसांत कातडी हळवी होते, म्हणून आधी कधी रिअॅक्शन आली नसली तरी चाचणी पुन्हा करा. मुळांना न लावता मधूनच खाली लावलात तर कातडीला स्पर्शच होत नाही, सासूबाईंनाही ते पटेल. वासाने मळमळत असेल तर मात्र बाळंतपणानंतर बघू.

दोन महिन्यांपूर्वी घरीच ५ नंबरचा गोल्डन ब्राऊन लावला, सुंदर आला होता. आता केस नारिंगी-पितळी दिसतात आणि काथ्यासारखे झाले आहेत. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. यूट्यूबवर बघून जांभळा शाम्पू आणला, काही फरक नाही. पुन्हा तोच रंग लावू का? – लातूर

जांभळा पिवळ्याला मारतो. तुमचा नारिंगी आहे, त्याला निळा लागतो. निळ्या रंगद्रव्याचा शाम्पू किंवा कंडिशनर मिळतो, तो आठवड्यातून एकदा, लेबलवर लिहिलाय तेवढाच वेळ लावा. केसातला वरचा रंग धुपत जातो आणि खालचा नारिंगी डोकं वर काढतो, हे सगळ्यांचं होतं. ऊन ते काम लवकर करतं. स्कूटरवर तोंडाला बांधता तो स्कार्फ केसांवरूनही घ्या, शेपटा बाहेर लोंबत ठेवू नका.

पाण्याचा दोष आहेच. बोअरच्या जड पाण्यातले क्षार केसावर बसतात, लोह असेल तर लालसरपणा वाढतो. महिन्यातून एक-दोनदा क्षार काढणारा, चिलेटिंग लिहिलेला शाम्पू वापरा. बाकीच्या वेळी शेवटचे दोन तांबे फिल्टरच्या पाण्याचे घ्या. घरात पावसाचं साठवलेलं स्वच्छ पाणी असेल तर त्याहून चांगलं काही नाही.

न्हाण्याच्या आदल्या रात्री केसांच्या लांबीला खोबरेल लावा. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना केली होती. केस धुताना-विंचरताना निघून जाणारं प्रथिन कमी झालं ते खोबरेलानेच, इतर दोन्हींनी नाही. अभ्यास खोबरेल विकणाऱ्या कंपनीतल्या संशोधकांचा होता हे सांगायला हवं, पण माझा हातही तेच सांगतो. काथ्यासारखी झालेली टोकं मात्र दोन बोटं कापून टाका, ती सुधारणार नाहीत.

पुन्हा रंग लावायचा असेल तर सगळ्या डोक्याला नको. दोन महिन्यांत वाढलेल्या मुळांनाच ५ नंबर लावा, आधी लावलेल्या केसांवर चढू देऊ नका. खालच्या केसांना एक पायरी गडद, म्हणजे ४ नंबरचा साधा तपकिरी, अमोनिया नसलेला आणि फक्त वरून रंग चढवणारा घ्या, ‘सेमी-परमनंट’ लिहिलेला. तो नारिंगी झाकतो आणि केस आणखी उजळवत नाही. धुऊन धुऊन काही आठवड्यांत उतरतो, मग परत लावता येतो. चाचणीची बट या वेळीही आधी काढा, आणि दोन्ही गोष्टी एकाच दिवशी करू नका. मुळांचं आधी, मग दोन आठवडे जाऊ द्या, मग खालचे केस.